लिथुआनियन आडनावांचा माग: वंशावळ शोधणाऱ्या नवख्यांसाठी

बाप योनाइतिस, आई योनाइतिएने, धाकटी मुलगी योनाइतीते, आणि लग्न होऊन गेलेली थोरली लेक स्तान्किएने. चौघं एकाच घरातली, पण कागदावर चार आडनावं. लिथुआनियात यात वावगं काहीच नाही. जहाजाच्या प्रवासी यादीत ही नावं वाचणाऱ्या नवख्याला मात्र वाटतं की ही चार परकी माणसं आहेत, आणि शोध तिथेच अडतो.

शिकागोत किंवा लंडनमध्ये संसार थाटलेल्या एखाद्या मराठी घरात सुनेचं किंवा जावयाचं आजोळ लिथुआनियन निघतं. नातवंडांसाठी दोन्हीकडची वंशावळ मांडायला घेतली की आपल्याकडची बाजू कुलवृत्तांतावरून, मामा-काकांना विचारून भराभर उभी राहते. तिकडची बाजू दोन पिढ्यांवर थांबते. कागद नसतात म्हणून नव्हे. कागद बरेच आहेत, पण त्यात आपलं माणूस कोणत्या नावाने बसलंय हे कळत नाही म्हणून.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. लिथुआनियन आडनावाचे दोन भाग असतात. मूळ घराण्याचं असतं. शेवट व्याकरणाचा, लग्नाचा आणि पुष्कळदा नोंद करणाऱ्या कारकुनाचा असतो. शोध मुळावरून घ्यायचा आणि शेवट पुरावा म्हणून वाचायचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात.

इथे मी नावं देवनागरीत देतोय. तुमच्या वहीत मात्र ती रोमन अक्षरांत, कागदावर दिसतात तशीच, वरच्या-खालच्या खुणांसकट उतरवा. सी, एस आणि झेडच्या डोक्यावरची छोटी उलटी टोपी किंवा ईवरचा एक ठिपका गळला की वेगळं आडनाव तयार होऊ शकतं.

पायरी पहिली: घरातले कागद आणि घरातले उच्चार

संगणक उघडण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा. आडनाव घरात कसं उच्चारलं जायचं ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. अमेरिकन स्पेलिंग बदललं असलं तरी आजीच्या तोंडचा उच्चार बहुधा मूळ नावाच्या जवळचा असतो. मग गावाचं नाव, धर्म आणि पंथ विचारा. लिथुआनियन बहुतांशी रोमन कॅथलिक, पण पश्चिमेकडच्या प्रशियन (त्या काळी जर्मन राज्यातल्या) भागातले लुथरन, उत्तरेला काही रिफॉर्म्ड म्हणजे कॅल्विनपंथी, शिवाय ज्यू आणि तातारही. कोणत्या पंथाची नोंदवही उघडायची हे यावरून ठरतं.

जुनी प्रार्थनापुस्तकं, फोटोंच्या मागचा मजकूर, नागरिकत्वाचे अर्ज, थडग्यावरचा लेख, जे मिळेल ते जमवा. प्रार्थनापुस्तकाला विशेष महत्त्व द्या. १८६४ ते १९०४ या काळात झारशाहीने रोमन लिपीतल्या लिथुआनियन छपाईवर बंदी घातली होती. पुस्तकं सीमेपलीकडे प्रशियात छापली जात आणि ‘क्निग्नेशिस’ म्हणजे पुस्तकवाहक ती जिवावर उदार होऊन चोरून आत आणत. सरकारी कागदावर नाव रशियन वळणाचं असलं, तरी अशा पुस्तकाच्या पहिल्या पानावर घरच्या माणसाने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भाषेत नाव लिहिलेलं सापडू शकतं. त्या एका ओळीला मी दहा छापील दाखल्यांहून जास्त मानतो.

अमेरिकन कागदांत काही ठरावीक फसव्या जागा आहेत. १९१८ आधी आलेल्याचा देश ‘रशिया’ म्हणून लिहिलेला असतो, कधी ‘पोलंड’ म्हणूनही. त्यावरून माणूस रशियन किंवा पोलिश ठरत नाही. १८९९ पासून प्रवासी याद्यांत वंशाचा किंवा जनसमूहाचा वेगळा रकाना आला. तिथे ‘लिथुआनियन’ लिहिलंय का ते बघा. १९०७ नंतरच्या याद्यांत मायदेशातल्या जवळच्या नातलगाचं नाव-गावही असतं. नवखे पहिलं पान बघून थांबतात, पण त्या काळातल्या याद्या जोडपानावर पसरलेल्या असतात, तेव्हा उजवीकडचं पान नक्की वाचा. जन्मस्थान ‘कोव्नो’ असेल तर ते काउनास शहरच असेल असं धरू नका. पुष्कळदा तो सगळ्या कोव्नो प्रांताचा उल्लेख असतो, आणि त्या प्रांतात गावं असंख्य.

एलिस बेटावरच्या, म्हणजे न्यूयॉर्क बंदरात स्थलांतरितांची तपासणी करणाऱ्या, अधिकाऱ्याने आडनाव बदललं, ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक घरात सांगतात. तिथले अधिकारी जहाज सुटतानाच तयार झालेल्या यादीवरून नावं तपासत; नवी नावं देणं त्यांचं काम नव्हतं. नावं बदलली ती नंतर: खाणीत, शाळेत, नागरिकत्वाच्या अर्जावर, आणि बरेचदा माणसाच्या स्वतःच्या इच्छेने. तेव्हा बदल शोधायचा तर त्या वर्षांचे कागद उलटा.

पायरी दुसरी: शेवट वाचायला शिका

पुरुषांच्या आडनावांचे नेहमीचे शेवट -आस, -इस, -ईस, -उस, -इयुस, आणि थोड्यांचा -आ. काझ्लाउस्कास, योनाइतिस, पेत्कुस, स्तान्केविचियुस, दाउक्शा. बायकांचे शेवट दोन गटांत पडतात.

लग्न झालेली: -इएने. काझ्लाउस्कासची बायको काझ्लाउस्किएने, योनाइतिसची योनाइतिएने, स्तान्केविचियुसची स्तान्केविचिएने. -उसने संपणाऱ्या काही आडनावांना -उविएने लागतं.

लग्न न झालेली, म्हणजे जन्माचं आडनाव: वडिलांच्या आडनावाच्या शेवटाप्रमाणे बदलतं. -आस किंवा -आ असेल तर -आइते (काझ्लाउस्काइते, दाउक्शाइते). -इस किंवा -ईस असेल तर -ईते (योनाइतीते). -उस असेल तर -उते (पेत्कुते). -इयुस असेल तर -यूते (स्तान्केविच्यूते).

वरच्या दोन गटांत एक फरक दडलाय, आणि शोधात तो सोन्यासारखा उपयोगी पडतो. -इएने हा शेवट कुठल्याही आडनावाला लागतो, म्हणून त्यावरून नवऱ्याचं आडनाव नेमकं कळत नाही. थडग्यावर ‘स्तान्किएने’ असेल तर नवरा स्तान्कुस असेल किंवा स्तान्कीस. दोन्ही तपासावे लागतात. माहेरचं आडनाव मात्र जवळजवळ उलगडूनच सांगतं. ‘योनाइतीते’ म्हणजे बाप योनाइतिस. ‘योनाइते’ असती तर बापाचं आडनाव योनास. एका अक्षराने दोन घराणी वेगळी होतात. थडग्यावर ‘ओना स्तान्किएने-योनाइतीते’ असं दोन्ही दिसलं तर शोध आधी माहेराकडून घ्या. तो जास्त सरळ जातो.

अमेरिकेत गेल्यावर पुढच्या पिढ्यांत बायकांनी बहुधा नवऱ्याचं किंवा बापाचं पुल्लिंगी रूपच लावलं, म्हणून तिथे ‘ओना योनाइतिस’ किंवा ‘ॲना योनाइतिस’ दिसते. हीच बाई जहाजाच्या यादीत योनाइतीते आणि गावच्या नोंदवहीत आणखी तिसऱ्याच रूपात असेल. तिन्ही रूपं एकाच माणसाच्या नावावर लावून ठेवा.

विभक्ती आपल्या माणसाला अवघड जाऊ नये. आपण पाटील म्हणतो, पण घर पाटलांचं असतं. लिथुआनियन नावंही अशीच बदलतात. ‘योनो काझ्लाउस्को’ म्हणजे योनास काझ्लाउस्कास याचं. अनेकवचन ‘काझ्लाउस्काइ’, आणि थडग्यावर ‘काझ्लाउस्कू शेइमा’ असेल तर ते काझ्लाउस्कास कुटुंब. ‘काझ्लाउस्को’ हे वेगळं आडनाव समजून झाडावर नवी फांदी काढलेली मी अनेकदा पाहिली आहे. सोव्हिएत काळातल्या कागदांवर ‘काझ्लाउस्कास योनास, काझ्यो’ अशी मांडणी दिसते. शेवटचा शब्द म्हणजे काझीसचा, म्हणजे बापाचं नाव. सायबेरियात हद्दपार केलेल्यांच्या नोंदींत हे बापाचं नाव फार कामी येतं, कारण एकाच नावाचे अनेक जण तिथे भेटतात.

हल्लीच्या पिढीसाठी एक भर. २००३ पासून बायकांना लग्न झालंय की नाही हे न सांगणारा नुसता -ए शेवट घेता येतो, जसं काझ्लाउस्के. हे रूप जुन्या कागदांत शोधत बसू नका.

पायरी तिसरी: मुळाचा प्रदेश आणि कारकुनाचं वळण

काही शेवट आडनावाच्या पोटातच असतात आणि ते मूळचे ‘अमक्याचा मुलगा’ या अर्थाचे. -आइतिस बहुधा नैर्ऋत्येकडच्या सुवाल्कियातलं आणि प्रशियन लिथुआनियातलं. -ऊनास आणि -एनास ईशान्येकडच्या आउक्श्ताइतियातली. -ओनिस दक्षिणेला आणि पूर्वेला जास्त. झेमाइतियात, म्हणजे वायव्येला, बुत्कुस, पेत्कुस अशी आखूड रूपं पुष्कळ. यावरून गाव सापडत नाही, पण घरच्या आठवणीत दोन प्रदेश असतील तर आधी कुठे बघायचं ते ठरवता येतं.

दुसरीकडे -आउस्कास, -इन्स्कास, -एविचियुस, -आविचियुस ही स्लाव्ह वळणाची. काझ्लाउस्कास म्हणजे पोलिश कोझ्वोव्स्की, यान्काउस्कास म्हणजे यान्कोव्स्की, स्तान्केविचियुस म्हणजे स्तान्क्येविच. लिथुआनिया आणि पोलंड यांचं राज्य शतकानुशतकं एकत्र होतं, पाद्री आणि कारकून पोलिश लिहीत, आणि शेतकऱ्याचं आडनाव त्यांच्या लेखणीतून उतरे. एक गैरसमज इथेच काढून टाका: -आउस्कास किंवा -स्की असलं म्हणजे घराणं सरदाराचं, असं नाही. कुळांना, भूदासांनाही ही आडनावं सर्रास होती. उमरावपणाचा दावा करायचा तर स्वतंत्र कागद हवा. तसंच काझ्लाउस्कास हे आज लिथुआनियातलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव, तेव्हा दोन काझ्लाउस्कास भेटले म्हणून त्यांचं नातं जोडू नका.

कारकून कधी भाषांतरही करत. काल्विस म्हणजे लोहार, त्यावरून काल्वाइतिस. पोलिशमध्ये लोहार कोवाल, म्हणून तोच माणूस एखाद्या वहीत कोवालेव्स्की होऊ शकतो, आणि पुढे लिथुआनियन वळण मिळून कावालियाउस्कास. शोध खुंटला की आडनावाचा अर्थ काढा आणि त्या अर्थाचा पोलिश शब्द घेऊन पुन्हा बघा. पुओज्युनास कुंभारावरून, क्रियाउच्यूनास शिंप्यावरून, विल्कास लांडग्यावरून, झ्विर्ब्लिस चिमणीवरून. प्रूसाइतिस, गुदाइतिस, तोतोराइतिस यांत पूर्वजाची ओळख आहे: अनुक्रमे प्रशियन, बेलारूशियन, तातार. लिथुआनियन भाषा संस्थेने १९८५ आणि १९८९ मध्ये दोन खंडांत आडनावांचा कोश काढला. आडनाव कोणत्या भागात आढळत होतं ते त्यात बघता येतं.

मागे जाताना ध्यानात असू द्या की शेतकऱ्यांची आडनावं हळूहळू स्थिरावली. १८व्या शतकातही काही ठिकाणी ती हलती होती. बाप बुत्कुस आणि मुलगा बुत्काइतिस अशी जोडी दिसली तर दचकू नका. दुसरा पहिल्याचाच मुलगा असू शकतो. पण ते शेजारच्या नोंदींनी सिद्ध करा, नुसत्या कानाने नको.

पायरी चौथी: पहिल्या नावाची चार भाषांतली रूपं

आडनाव सापडलं आणि पहिलं नाव जुळलं नाही की लोक हताश होतात. खरं तर तीच अडचण सगळ्यात सोपी, कारण नावं संतांची आहेत आणि प्रत्येक भाषेत त्या संताचं ठरलेलं रूप आहे. ही जुळणी पाठच करून टाका:

योनास: पोलिश यान, रशियन इव्हान, लॅटिन योआनेस, अमेरिकेत जॉन.
युर्गिस: येझी, गेओर्गी, गेओर्गियुस, जॉर्ज.
युओझास किंवा युओझापास: युझेफ, इओसिफ किंवा ओसिप, योझेफुस, जोसेफ.
काझिमिएरास, घरात काझीस: काझिम्येश, काझिमिर, काझिमिरुस, अमेरिकेत कॅसिमिर, कधी चार्ल्स.
विन्त्सास: विन्त्सेन्ती, विकेन्ती, विन्सेन्तियुस, अमेरिकेत पुष्कळदा विल्यम.
स्तानिस्लोवास, घरात स्तासीस: अमेरिकेत स्टॅन्ली.
ओना: आन्ना, ॲना.
कोत्रीना: काताझिना, येकातेरिना, काथारिना.

दोन नावं स्वतंत्र सांगायला हवीत, कारण त्यांनी भल्याभल्यांना चकवलंय. लॅटिन नोंदीतला ‘आदालबेर्तुस’ म्हणजे आल्बर्ट नव्हे. तो पोलिश वोइचेख, म्हणजेच लिथुआनियन वाइतिएकुस. आणि ‘लाउरेन्तियुस’ पोलिश वहीत वाव्झीन्येत्स होतो, जो लिथुआनियन लाउरीनास. ऐकायला या तिघांचं काही नातं लागत नाही, पण माणूस एकच.

आता उलट बाजू. लिथुआनियाची प्राचीन नावं दोन धातूंची: वीताउतास, अल्गिर्दास, गेदिमिनास, मिन्दाउगास. १३८७ मध्ये लिथुआनियाचं आणि १४१३ ते १४१७ या वर्षांत झेमाइतियाचं ख्रिस्तीकरण झालं, आणि पुढे बाप्तिस्म्याच्या नावांत संतांचं राज्य आलं. जुनी नावं आडनावांत तेवढी टिकली. १९व्या शतकात लिथुआनियन भाषेत इतिहास लिहिणारे सिमोनास दाउकान्तास यांच्या आडनावातही असेच दोन धातू आहेत: दाउग म्हणजे पुष्कळ, कान्त म्हणजे सोशीकपणा. राजेमहाराजांची ही नावं मुलांना पुन्हा ठेवायची लाट राष्ट्रीय जागृतीबरोबर आली आणि १९१८ च्या स्वातंत्र्यानंतर भरात आली. ग्राझिना हे नाव तर आदाम मित्सकियेविच या कवीने १८२३ च्या काव्यातून रूढ केलं. गिन्तारास म्हणजे अंबर, आउश्रा म्हणजे पहाट, एग्ले हे झाडाचं नाव. अशी नावं २०व्या शतकातली समजावीत. म्हणून कुणाच्या झाडावर ‘वीताउतास, शेतकरी, जन्म १८६०’ दिसलं की थांबा. नोंदवहीत तो बहुधा विकेन्ती किंवा विक्टोर असेल, किंवा हे नाव कुणा नातवाने नंतर बसवलेलं असेल.

पायरी पाचवी: नोंदवहीची भाषा आणि एक नोंद जवळून

कोणत्या काळात कोणती भाषा, याचा ढोबळ नकाशा असा. जुन्या कॅथलिक वह्या लॅटिन, मग पोलिश, आणि विल्ना व कोव्नो प्रांतांत १९व्या शतकाच्या मध्यापासून रशियन. सुवाल्किया आधी नेपोलियनने स्थापलेल्या वॉर्साच्या डचीत आणि १८१५ नंतर पोलंडच्या राज्यात मोडत असल्यामुळे तिथे १८०८ पासून नेपोलियनी धर्तीची लांबलचक नोंद, १८६८ पर्यंत पोलिशमध्ये, त्यानंतर रशियनमध्ये. स्वतंत्र लिथुआनियात लिथुआनियन. पण विल्नियसचा टापू १९२० ते १९३९ पोलंडकडे होता, तिथे पोलिश. प्रशियन लिथुआनियात जर्मन, आणि १८७४ पासून नागरी नोंदणी. उरलेल्या लिथुआनियात नागरी नोंदणी १९४० पर्यंत नव्हतीच, जन्म-मृत्यूचा हिशोब चर्चकडे.

कोव्नो प्रांतातली रशियन बाप्तिस्मा नोंद साधारण अशी वाचली जाते (नावं उदाहरणादाखल): ‘...अमुक चर्चमध्ये आन्ना नावाच्या बालिकेचा बाप्तिस्मा झाला. शेतकरी काझिमिर आणि येकातेरिना, उरोझ्द्योन्नाया इओनाइतिस, स्तान्कुसोव्ह, कायदेशीर पती-पत्नी, यांची कन्या, अमुक गावी जन्मली. धर्मपालक शेतकरी इव्हान इओनाइतिस आणि...’

नवखा इथे तीन ठिकाणी घसरतो. ‘उरोझ्द्योन्नाया’ म्हणजे जन्माची, माहेरची. त्यापुढचं इओनाइतिस हे आईचं माहेरचं आडनाव, बापाचं नव्हे. त्यानंतर आलेलं ‘स्तान्कुसोव्ह’ हे आडनाव नाही, स्तान्कुस या आडनावाचं रशियन षष्ठी अनेकवचन आहे: स्तान्कुस दांपत्याची. कुटुंब स्तान्कुस, ‘-ओव्ह’ व्याकरणाचा. आणि रशियन लिपीत सुरुवातीचा ‘य’ बहुधा ‘इ’ने लिहिला जातो, त्यामुळे योनाइतिस वर्णक्रमाच्या सूचीत इ-खाली सापडेल. पोलिश वहीत माहेरासाठी एकाक्षरी ‘झ’ आणि त्यापुढे आडनावाचं अनेकवचन येतं, म्हणजे ‘अमुक घराण्यातली’.

धर्मपालकाचं, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धार्मिक जबाबदारी घेणाऱ्याचं (गॉडफादर), आडनाव आईच्या माहेराशी जुळतंय, हे दिसलं ना? तो मामा असण्याची शक्यता मोठी. अशा नावांना समासात ठेवू नका, त्यांचा वेगळा तक्ता करा.

सुवाल्कियातल्या नोंदी वाचायला कंटाळवाण्या, पण माहितीने भरलेल्या. त्या ‘असे घडले की...’ अशा सुरात सुरू होतात, मग गाव, तारीख, वेळ, हजर झालेला बाप, त्याचं वय आणि व्यवसाय, दोन साक्षीदार त्यांच्या वयांसह, मग आईचं नाव, माहेर आणि वय. वयांवरून त्या माणसांच्या जन्मवर्षाचा अंदाज येतो. दोन-चार वर्षांचा फरक गृहीत धरा.

तारखांचंही बघा. रशियन राज्यात जुनं ज्युलियन पंचांग होतं; १९व्या शतकात ते १२ दिवस मागे आणि १९०० च्या मार्चपासून १३ दिवस. सुवाल्कियातल्या रशियन नोंदींत दोन्ही तारखा तिरक्या रेघेने दिलेल्या असतात. अमेरिकन दाखल्यावर जन्मतारीख १२ दिवसांनी पुढे दिसली तर चूक समजू नका.

पायरी सहावी: कुठे आणि कसं शोधायचं

आधी पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा गावांचा टापू, ठरवा, मग आडनाव. एकाच नावाची अनेक गावं आणि प्रत्येकाची तीन-चार भाषांतली नावं: विल्नियस, विल्नो, विल्ना हे एक शहर; काउनास, कोव्नो, कोव्ने हे दुसरं. गाव कोणत्या पॅरिशमध्ये मोडत होतं हे कळल्याशिवाय नोंदवह्या चाळणं म्हणजे वेळ घालवणं.

जुन्या वह्यांचं मुख्य भांडार विल्नियसमधलं लिथुआनियाचं राज्य ऐतिहासिक अभिलेखागार. बऱ्याच वह्यांच्या प्रतिमा ‘एपावेल्दास’ या राष्ट्रीय डिजिटल वारसा संकेतस्थळावर आणि फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर बघता येतात. ‘गेनेतेका’ या पोलिश स्वयंसेवकांच्या सूचीत लिथुआनियाचाही विभाग आहे, आणि सुवाल्कियाच्या काही वह्या पोलंडमधल्या सुवाव्की इथल्या अभिलेखागारात आहेत. अलीकडच्या काळातल्या नोंदी खाजगी मानल्या जातात. हयात माणसांची माहिती झाडावर उघडी टाकू नका.

शोधचौकटीत पूर्ण आडनाव टाकू नका. मूळ टाका आणि शेवटाच्या जागी तारा-खूण (*). अक्षरांच्या जोड्या बदलून बघा: लिथुआनियन टोपीचा ‘च’ पोलिशमध्ये सी-झेड, टोपीचा ‘श’ एस-झेड, आणि ‘व’साठी व्हीऐवजी डब्ल्यू. टोप्या असलेलं आजचं शुद्धलेखन रूढ झालं तेच मुळी १९व्या शतकाच्या अखेरीस आणि २०व्याच्या सुरुवातीला, त्यामुळे पणजोबांनी सही सी-झेडने केली असेल तर त्यांचं काही चुकलेलं नाही. ‘आउ’ आणि ‘ओ’, ‘ए’ आणि ‘इए’ यांचीही अदलाबदल करून बघा.

पायरी सातवी: हाच तो माणूस, हे कशावरून?

मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हे. नाव जुळलं म्हणून माणूस जुळत नाही. एका पॅरिशमध्ये एकाच वेळी तीन-तीन योनास काझ्लाउस्कास असत. माणूस ओळखायचा तर सहा-सात गोष्टींचा गुच्छ लागतो: गाव, बायकोचं नाव आणि माहेर, वय, धर्मपालक, साक्षीदार, भावंडांची नावं. लहान मूल दगावलं की पुढच्या बाळाला तेच नाव देण्याची पद्धत होती, म्हणून पहिला ‘योनास’ सापडला की लगेच थांबू नका. पुढच्या दहा वर्षांच्या मृत्यू नोंदीही चाळा, नाहीतर वारलेल्या बाळावर अख्खी फांदी उभी राहते.

लग्न बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये लागे. नवऱ्याच्या गावात लग्न सापडलं नाही तर माहेरचं गाव धरा.

१७९५ पासूनच्या रशियन गणनायाद्याही वाचण्यासारख्या आहेत: १७९५, १८११, १८१६, १८३४, १८५० आणि १८५८. एका घरातली माणसं एकाखाली एक, मागच्या गणनेतलं वय आणि आताचं वय शेजारी. १८११ च्या यादीत फक्त पुरुष आहेत, तिथे आजी-पणजी शोधू नका.

ज्यू कुटुंबं, गांधीजी आणि डब्ल्यू

लिथुआनियातल्या ज्यूंच्या नोंदी वेगळ्या वह्यांत असत, रशियन आणि हिब्रू अशा दोन भाषांत. १८०४ च्या झारच्या नियमाने त्यांना कायम आडनाव घ्यावं लागलं. त्याआधी ‘अमक्याचा मुलगा अमका’ एवढंच. दोन महायुद्धांमधल्या लिथुआनियन कागदांत त्यांच्या आडनावांनाही लिथुआनियन शेवट लागले, म्हणून राबिनोविच तिथे राबिनाविचियुस, राबिनाविचिएने, राबिनाविच्यूते असा मिळेल. शोधताना हे शेवट सोडवून मूळ रूपावर या.

आपल्या वाचकांना ओळखीचं उदाहरण म्हणजे दक्षिण आफ्रिकेत गांधीजींचे सहकारी झालेले हर्मन कालेनबाख. १८७१ मध्ये ते आजच्या लिथुआनियातल्या झेमाइचियू नाउमिएस्तिस इथे ज्यू कुटुंबात जन्मले आणि टॉल्स्टॉय फार्मची जागा त्यांनीच दिली. लिथुआनियातल्या रुस्ने इथे २०१५ मध्ये या दोघांचा एकत्र पुतळा उभा राहिला. आडनाव जर्मन, जन्म लिथुआनियन भूमीवर: आडनावाच्या भाषेवरून देश ठरवू नये, हे यातून दिसतं. आणि लिथुआनियन मजकुरात गांधीजींचं आडनाव ‘गान्दिस’ होतं. परदेशी नावालाही तिथे शेवट लागतो, तेव्हा लिथुआनियन वर्तमानपत्रात आपल्या व्याह्यांचं नाव शोधताना तसं रूप करून बघा.

आज लिथुआनियन माणसाशी लग्न करणाऱ्या मराठी मुलामुलींना दुसरा प्रश्न यायचा. लिथुआनियन वर्णमालेत डब्ल्यू नाही, त्यामुळे डब्ल्यूने लिहिलेलं वाघमारे तिथल्या अधिकृत कागदावर तसंच लिहिता येत नसे. मे २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने परदेशी जोडीदाराच्या आडनावासाठी क्यू, डब्ल्यू आणि एक्स या अक्षरांना मोकळीक मिळाली. पुढे वंशावळ शोधणाऱ्यांना त्याआधीच्या कागदांवर व्हीचं रूप आणि नंतरच्यांवर डब्ल्यूचं रूप भेटेल. तुमच्या झाडावर दोन्ही रूपं तारखांसह नोंदवून ठेवा.

अभिलेखागाराला पत्र लिहायची वेळ आली तर ते आटोपशीर ठेवा. पॅरिश, पंथ, नोंदीचा प्रकार, वर्ष किंवा पाच वर्षांची मुदत, आडनावाचं माहीत असलेलं प्रत्येक रूप, आईचं माहेर. घराण्याची पूर्ण कहाणी पत्रात नको. वहीतलं पान काढून देणाऱ्याला एवढंच लागतं.